राजाची अडीच घरे

आबांनी राजा उचलला आणि घोड्याच्या चालीने अडीच घरे पलीकडे, हत्तीच्या बगलेत नेऊन ठेवला. समोर बसलेल्या नातवाने आधी पटाकडे पाहिले, मग आजोबांकडे.

“आबा, राजा असा जात नसतो.”

“एकदा जातो. शह लागला नसेल तर.”

“कुठे लिहिलंय असं?”

“लिहायचं काय त्यात? आमच्याकडे सगळे असंच खेळत. तू तुनी चाल खेळ.”

सिल्वासाला लागून असलेल्या सामरवरणीत, कारखान्यांच्या मागच्या अंगाला, एका बैठ्या चाळीच्या ओट्यावर हा डाव चालला होता. आश्विनातली संध्याकाळ. एक पाळी सुटलेली, दुसरी लागलेली. रस्त्यावरून धाग्याच्या बॉबिनी भरलेले टेम्पो जात होते आणि ट्यूबलाइटखाली पाकोळ्या घिरट्या घालत होत्या. आबा मूळचे धुळे जिल्ह्यातले. पॉलिएस्टर धाग्याचे कारखाने इकडे येऊ लागले तेव्हा ते आले, उमेदीची सगळी वर्षे यंत्रापुढे उभे राहिले आणि आता निवृत्त आहेत. नातू दहावीत. मोबाइलवर रोज पाच-सहा डाव खेळतो आणि आपले रेटिंग किती वर गेले ते मित्रांना सांगतो. ओट्यावरचा पट मात्र आबांचा: लाकडी, कडा झिजलेल्या, एक हत्ती कधीतरी हरवलेला. त्या हत्तीच्या जागी कापलेल्या बॉबिनीचा तुकडा उभा असतो आणि दोघेही त्याला हत्तीच म्हणतात.

नातवाने मोबाइल काढला आणि राजा-हत्तीचा किल्लेकोट, म्हणजे कॅसलिंग, कसा होतो ते दाखवू लागला. आबांनी तिकडे पाहिलेसुद्धा नाही. “तो खेळ वेगळा,” एवढेच म्हणाले.

तेव्हा मला तो म्हाताऱ्या माणसाचा हट्ट वाटला होता. तीन दिवसांनी सिल्वासाहून निघताना त्यांचे वाक्य मला शब्दशः खरे वाटत होते.

नाका ओलांडला की

संपादकांनी दिवाळी अंकासाठी विषय दिला होता ‘नियम’. नियम बदलले तर खेळ तोच राहतो का, एवढाच प्रश्न मी घेतला, आणि पटावर किंवा टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळांपुरताच तो ठेवायचा असे ठरवले. सिल्वासा निवडले ते इथे शिकवणाऱ्या एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून. ती म्हणाली, “आमच्या गल्लीत कॅरम मांडला तर पहिली पंधरा मिनिटे नुसती भांडणात जातात. बिहारचा मुलगा एक नियम सांगतो, ओडिशाचा दुसरा, आपला जळगावचा तिसरा. राणीवर कव्हर कधी घ्यायचं यावर रोज नवा तह होतो.”

तह हा शब्द या गावाला शोभतो. वापी स्टेशनवर उतरून रिक्षात बसले की थोड्याच वेळात गुजरातची हद्द संपते. ती संपल्याचे दारूच्या दुकानाच्या पाट्यांवरून कळते, कारण गुजरातेतली दारूबंदी इथे लागू नाही. रस्ता तोच, झाडे तीच, भाषाही बरीचशी तीच, फक्त नियम बदललेला. पेशव्यांबरोबरच्या तहातून १७८३ साली नगर हवेली पोर्तुगिजांकडे गेली आणि पावणेदोनशे वर्षे त्यांच्याकडे राहिली. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्या लढ्यात महाराष्ट्रातून आलेल्या स्वयंसेवकांत सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरेही होते. पुढची सात वर्षे इथला कारभार वरिष्ठ पंचायतीने चालवला. १९६१ साली भारतात विलीन होताना करारावर सही करायला सरकारप्रमुख हवा होता, म्हणून के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरते पंतप्रधान केले गेले. आठव्या घरात पोचलेल्या प्याद्याची आठवण यावी अशी ती चाल होती. २६ जानेवारी २०२० पासून दमण आणि दीवसह हा एकच केंद्रशासित प्रदेश आहे. कायदे इतक्या वेळा बदलले तरी वारली, कोकणा आणि धोडिया पाड्यांवरची माणसे आपापली राहिली. खेळाचे तसे होते का, हे मला पाहायचे होते.

तीन प्रकारची जीत

दुसऱ्या संध्याकाळी मी आबांच्या समोर वही घेऊन बसले आणि त्यांचे नियम एकेक करून विचारले. त्यांनी ते सांगितले नाहीत, खेळून दाखवले. प्रत्येक नियमासाठी पट नव्याने मांडला.

प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते. त्यामुळे सुरुवात संथ, आणि ती संथ होऊ नये म्हणून दोघेही आरंभीच्या चार-चार चाली एकदम करून घेतात, फक्त पटाची मधली रेघ ओलांडायची नाही. राजाला आयुष्यात एकदा घोड्याची चाल मिळते, पण आधी शह लागलेला नसला पाहिजे. प्यादे शेवटच्या घरात पोचले की ज्याच्या रांगेत पोचले तेच मोहरे होते: हत्तीच्या रांगेत हत्ती, उंटाच्या रांगेत उंट. वजीर हवा असेल तर प्यादे मधल्या दोन रांगांतूनच पोचले पाहिजे.

ऐकायला हे किरकोळ फरक वाटतात. पण आबांबरोबर अर्धा तास खेळल्यावर कळते की इथे डोके वेगळ्या दिशेने चालवावे लागते. आजच्या खेळात कुठलेही प्यादे वजीर होऊ शकते, म्हणून सगळ्याच प्याद्यांची आशा सारखी. आबांच्या पटावर प्रत्येक प्यादे आपले नशीब घेऊन जन्माला येते. कडेचे प्यादे पळवले तर हत्तीवर समाधान मानावे लागेल, हे पहिल्या चालीपासून ध्यानात ठेवावे लागते. शहाचेही तसेच. आजच्या नियमाने राजाने शह चुकवताना जागा सोडली नाही तर किल्लेकोटाचा हक्क शाबूत राहतो. आबांच्या नियमाने नुसता शह लागला तरी राजाची घोडचाल गेली. त्यामुळे नातवाला निरर्थक वाटणारा लवकरचा शह आबांना मोलाचा वाटतो. दोघे एकाच पटावर दोन वेगळ्या गोष्टींना घाबरतात.

सगळ्यात मोठा फरक मात्र शेवटी आहे. नातवाच्या खेळात जिंकले की एक गुण, बरोबरी झाली की अर्धा, हरले की शून्य. मात कशाने केली याला किंमत नाही. आबांकडे जिंकण्याला पायऱ्या आहेत. समोरच्याचा राजा एकटा उरला, बाकी सगळी फौज मारली गेली, तर ती बुर्जी. ती अर्धीच जीत, आणि आबांच्या गावात तिला थोडे हिणवतच बोलत. मोठ्या मोहऱ्याने केलेली मात ही नेहमीची मात. आणि प्यादेमात, म्हणजे शेवटचा शह प्याद्याने देऊन केलेली मात, ही सर्वांत मानाची. आबा म्हणाले, “वजिराने कोणीही मारेल. माझ्या काकांनी एकदा यात्रेत प्यादेमात केली, तर लोकांनी त्यांना फेटा बांधला होता.”

मानाची मात करायची तर आधी समोरच्याची फौज उगाच मारून चालत नाही, कारण बुर्जी झाली की सगळे फुकट. म्हणजे जिंकता येत असतानाही हात आखडता घ्यावा लागतो, शत्रूचे एखादे मोहरे मुद्दाम जिवंत ठेवावे लागते आणि आपले प्यादे सांभाळत नेमक्या घरात पोचवावे लागते. हा संयमाचा खेळ आहे, आणि तो केवळ ‘कोणती जीत मोठी’ या एका नियमातून निर्माण झाला आहे. मराठीत प्यादेमात हा शब्द अजून वापरात आहे. सामान्य माणसाने बड्या माणसाला चीत केले की आपण तो वापरतो. ज्या नियमामुळे तो मानाचा झाला, तो नियम आपल्या घरांतून गेला आहे.

मुंबई, १८१४

हे देशी नियम कुणी एका दिवसात, जबरदस्तीने घालवले असे झालेले नाही. १८१४ साली, पेशवाई बुडायच्या चार वर्षे आधी, मुंबईत बुद्धिबळावरचे एक इंग्रजी पुस्तक छापले गेले. लेखक त्रिवेंगडाचार्य शास्त्री. मूळ ग्रंथ संस्कृतात, ‘विलासमणिमंजरी’ नावाचा. इंग्रजी पुस्तकाच्या लांबलचक नावातच सांगून टाकले आहे की यातले डाव युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून दिले आहेत. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या इकडचा एक शास्त्री, आपल्या भाषेत बांधलेले डाव, आणि ते बाहेरच्या वाचकासमोर ठेवताना त्याच्या नियमांत बसवलेले. साहेबाबरोबर पटावर बसायचे तर साहेबाचा नियम, ही सुरुवात तेव्हाच झाली होती.

पुढे शंभर वर्षांनी, १९१३ साली, एच. जे. आर. मरी या इंग्रज अभ्यासकाने बुद्धिबळाचा प्रचंड इतिहास लिहिला तेव्हा त्याला भारतात एकाहून अधिक पद्धतींचे नियम चालू असलेले आढळले. त्याने ते नोंदवून ठेवले म्हणून आज आबांचे नियम पडताळून पाहता येतात. नोंद त्याने केली; आपल्याकडे ते ओट्यांवर आणि पारांवर होते, आणि पार मोडले तसे गेले.

जाताना खुणा मात्र ठेवून गेले. कलकत्त्यात १८४८ ते १८६० च्या दरम्यान महेशचंद्र बॅनर्जी आणि स्कॉटिश बॅरिस्टर जॉन कॉक्रेन यांच्यात पुष्कळ डाव झाले. महेशचंद्र एकेक घर चालणाऱ्या प्याद्यांच्या खेळात वाढलेले. घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवायचे, उंटाला त्या खिंडीतून लांबच्या तिरप्या रेषेवर रोखून ठेवायचे, आणि मध्य समोरच्याला देऊन मग त्यावर हल्ला करायचा, ही त्यांची रीत. आज जगभरचे खेळाडू ‘किंग्ज इंडियन’ आणि ‘क्वीन्स इंडियन’ बचाव खेळतात, त्यातल्या ‘इंडियन’चे मूळ या डावांपर्यंत जाते. आबांचा नातू मोबाइलवर किंग्ज इंडियनच खेळतो. पणजोबांच्या पिढीचा नियम त्याच्या हातात आहे आणि त्याला ते कुणी सांगितलेले नव्हते. मी सांगितले तेव्हा तो दोन मिनिटे गप्प बसला, आणि पहिल्यांदाच आबांना म्हणाला, “तुमची सुरुवात परत दाखवा.”

नियम बदलल्याची किंमत एका माणसाने कशी मोजली हे मीर सुलतान खान यांच्यात दिसते. सरगोध्याकडच्या मिठा टिवाणा गावचा हा माणूस वडिलांकडून देशी नियमांचा खेळ शिकला, आणि युरोपीय नियम शिकला तो मोठेपणी. १९२८ साली अखिल भारतीय स्पर्धा जिंकून तो आपल्या मालकाबरोबर, सर उमर हयात खान यांच्याबरोबर, इंग्लंडला गेला. १९२९, १९३२ आणि १९३३ असे तीनदा ब्रिटिश विजेतेपद त्याने मिळवले, मधल्या काळात हेस्टिंग्जला कापाब्लांकाला हरवले. त्याच्या डावांची सुरुवात कच्ची असे, कारण दोन घरे उडणाऱ्या प्याद्यांचे आरंभशास्त्र त्याने वाचलेले नव्हते; शेवट मात्र लोखंडासारखा, कारण शेवटचा खेळ दोन्हीकडे बराचसा सारखा. भारतात परतल्यावर १९३५ साली व्ही. के. खाडिलकर यांच्याशी दहा डावांचा सामना झाला, त्यातला एकच बरोबरीत सुटला, बाकी सुलतान खानांनी जिंकले. त्यानंतर ते खेळातून जवळजवळ नाहीसे झाले. जागतिक संघटनेने त्यांना मानद ग्रँडमास्टर ठरवले ते २०२४ साली, मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी.

गच्चीवरचा ड्रॅगन

आता दुसऱ्या टोकाला जाते. आबांचे नियम वहीत उतरवले त्याच रात्री, किलवणी नाक्याच्या बाजूच्या एका इमारतीच्या गच्चीवर सहा तरुण चटईवर गोल करून बसले होते. मध्ये वीस बाजूंचे, बारा बाजूंचे, आठ बाजूंचे फासे, पेन्सिली, खोडरबर आणि फरसाणाची परात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. खेळ चालवणारी मुलगी पुण्यात इंजिनीअरिंगला आहे, सुटीत घरी आलेली. बाकीच्यांत दोघे वापीचे गुजराती, एक ओडिया, एक बिहारी, एक नाशिकचा. सगळ्यांचे आईवडील इथल्याच कारखान्यांत किंवा दुकानांत. बोली हिंदी, शिव्या पाच भाषांत.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. इथे पट असलाच पाहिजे असे नाही. प्रत्येक जण एक पात्र घेतो, कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर, आणि त्याचे बळ, चपळाई, अंगावरच्या वस्तू एका कागदावर लिहितो. खेळ चालवणारा प्रसंग सांगतो: समोर दरी आहे, पूल मोडका आहे. तुम्ही काय करणार ते तुम्ही बोलून सांगायचे. जमले की नाही ते फासा ठरवतो. महिनोन् महिने चालणारी ही सामूहिक गोष्ट आहे. आपल्या गोंधळात किंवा तमाशाच्या वगात जशी कथा ठरलेली पण बोलणे आयत्या वेळचे, त्याच्या जवळ जाणारे काहीतरी. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची होती.

या खेळात पट नाही, मोहरी नाहीत. आहेत ते फक्त नियम आणि माणसे. म्हणून नवी नियमपुस्तके निघाली की घराघरांत फाटाफूट होते. गच्चीवर त्या रात्री तेच चालले होते. मुलीकडे २०१४ चे पुस्तक, वापीच्या मुलाने २०२४ चे नवे आणलेले. भांडण औषधाच्या बाटलीवरून सुरू झाले. लढाईत जखमी झाल्यावर बाटलीतले औषध प्यायचे, तर जुन्या पुस्तकाप्रमाणे तुमची पूर्ण पाळी खर्ची पडे. पिणे म्हणजे वार सोडणे. नव्या पुस्तकात औषध पिऊनही वार करता येतो.

“पण आपण तर आधीपासून असंच खेळतोय,” ओडिया मुलगा म्हणाला.

ते खरे होते. जगभर असंख्य टेबलांवर लोकांनी हा नियम स्वतःच बदलून घेतला होता, कारण पाळी वाया घालवून औषध प्यायला कुणाला आवडत नसे. पुस्तकाने दहा वर्षांनी घरचा नियम उचलला. यावर गच्चीवर दोन मिनिटांत एकमत झाले.

मग आले पॅलडिनचे प्रकरण. पॅलडिन हा शपथ घेतलेला धर्मयोद्धा. जुन्या नियमात त्याचा वार लागला की त्याच क्षणी तो ठरवू शकत असे की या घावात दैवी तेज ओतायचे, आणि एका पाळीत दोन वार लागले तर दोन्हीत. नव्या पुस्तकात हे तेज म्हणजे एक मंत्र, आणि पाळीला एकदाच. आकड्यांच्या दृष्टीने बदल समंजस आहे, कारण पॅलडिन जरा जास्तच भारी पडत होता. पण नाशिकचा मुलगा, जो गेले वर्षभर पॅलडिन खेळतो आहे, ऐकेना. त्याचे म्हणणे मी वहीत जसेच्या तसे उतरवले: “आधी तो रागाने मारायचा. आता त्याला मंत्र म्हणून मारावं लागतं. मी मांत्रिक घेतलाच नव्हता ना.”

मला त्याचे पटले. त्याच्या पात्राची ताकद कमी झाली याचे त्याला फार वाईट वाटत नव्हते. त्याने वर्षभर ज्या माणसाच्या तोंडून बोलणे केले, तो माणूस बदलला होता. मुलीने सगळ्यांचे ऐकून घेतले, जुन्या रजिस्टरचे शेवटचे पान उघडले आणि लिहिले: औषध, नवीन. पॅलडिन, जुना. खाली तारीख. त्या पानावर आधीच्या तीस-एक ओळी होत्या.

सोन्याचे काय मिळते

त्या पानाकडे बघताना मला या खेळाच्या इतिहासातला एक बदल आठवला, आणि तो आबांच्या प्यादेमातीच्या फार जवळचा आहे. १९७४ च्या मूळ नियमांत पात्राला अनुभवाचे गुण मुख्यतः सोने बाहेर आणल्याबद्दल मिळत. राक्षस मारल्याचे गुण त्या मानाने थोडेच. म्हणून शहाणा खेळाडू राक्षसाशी लढत नसे. तो राक्षस झोपायची वाट पाहायचा, त्याला आमिष दाखवायचा, मागच्या वाटेने तिजोरी रिकामी करायचा. तो खेळ चोरांचा आणि धाडसी भुरट्यांचा होता. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सोन्याचे गुण ऐच्छिक झाले, २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत गुण मिळू लागले ते प्रामुख्याने संकटांवर मात केल्याबद्दल, आणि व्यवहारात ती संकटे म्हणजे लढाया. तलवारी त्याच, राक्षस तेच, नाव तेच. पण बक्षीस कशाचे, हे बदलल्यावर खेळ वीरांचा झाला.

२००८ ची चौथी आवृत्ती आली तेव्हा योद्धा, चोर, जादूगार सगळ्यांच्या शक्ती एकाच साच्यात बसवल्या गेल्या: काही कधीही वापरायच्या, काही लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. आवृत्ती नीट तोललेली होती. पण पुष्कळ जुन्या खेळाडूंना सगळी पात्रे हाताला सारखीच लागू लागली. पायझो या कंपनीने २००९ मध्ये जुन्या नियमांवर उभा ‘पाथफाइंडर’ हा वेगळ्या नावाचा खेळ काढला आणि ही मंडळी तिकडे गेली. माझ्या मते ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे: नाव एकाकडे राहिले आणि खेळ दुसऱ्याकडे गेला. आबांचा खेळ आणि नातवाचा खेळ यांचे नाव एक आहे, तिथेही असेच काहीसे झाले आहे.

जानेवारी २०२३ मध्ये तर नियम कुणाच्या मालकीचे यावरूनच वाद पेटला. विझार्ड्स ऑफ द कोस्ट ही मालक कंपनी २००० सालापासूनचा खुला परवाना बदलणार, असा मसुदा बाहेर फुटला. खेळाडू इतके चिडले की त्याच महिन्याच्या अखेरीस कंपनीने माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम सर्वांना कायमचे वापरायला मोकळे करून दिले. गच्चीवरच्या मुलीने हे सगळे मला इतक्या तळमळीने सांगितले, जणू तिच्याच घराचा सातबारा फिरवला जाणार होता.

नियम न बदलता बदललेला खेळ

तिसऱ्या दिवशी दुपारी मैत्रिणीच्या घरी तिची लहान मुलगी सापशिडी खेळत होती आणि नियम बदलला की खेळ बदलतो या माझ्या सिद्धांताला छेद देणारे उदाहरण मला सापडले.

सापशिडीचा पूर्वज असलेल्या आपल्याकडच्या मोक्षपटाशी परंपरा ज्ञानदेवांचे नाव जोडते. त्या पटावर प्रत्येक महत्त्वाच्या घराला नाव असे. शिडी सद्गुणाच्या घरापासून वर जाई, साप दुर्गुणाच्या घरापासून खाली नेई, आणि सापांची संख्या शिड्यांपेक्षा जास्त, कारण पडणे सोपे आणि चढणे अवघड. जैनांकडे असाच ज्ञानबाजीचा पट होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडला गेला. आधी नावे ख्रिस्ती नीतीची झाली, मग साप आणि शिड्यांची संख्या सारखी झाली, मग नावे पुसलीच गेली. फासा टाका, शिडी लागली तर चढा, साप लागला तर उतरा, हा नियम मात्र जसाच्या तसा आहे. तरीही मोक्षपट खेळणारी आजी पटावर स्वतःचा जन्म चालवत असे, आणि मैत्रिणीची मुलगी शंभरच्या घरात पोचायचे म्हणून खेळते. त्या गच्चीवरच्या कागदासारखे पात्र मोक्षपटालाही होते: पात्र म्हणजे खेळणारा स्वतः. ते काढून घेतले आणि उरलेला खेळ लहान मुलांचा झाला.

सोंगट्यांचे उलट झाले. पच्चीसी इंग्लंडमध्ये गेली आणि १८९६ साली लुडो म्हणून तिचे पेटंट निघाले. कवड्या गेल्या, फासा आला, हे वरवरचे. खरा बदल म्हणजे समोरासमोरची जोडी गेली. आपल्या पटावर चौघे दोन-दोनच्या जोडीने खेळत, आपली सोंगटी घरी पोचली तरी भिडूची पोचेपर्यंत डाव संपत नसे, आणि भिडूसाठी आपली सोंगटी मागे ठेवण्यात कसब असे. लुडोत चौघेही एकमेकांचे शत्रू. सिल्वासाच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर आज मोबाइलमध्ये लुडो चालतो, आणि त्यात भिडू नाही.

कुणी बदलायचे

नियम बदलूच नयेत असे मला वाटत नाही. बुद्धिबळाचे बाहेरचे नियमही बदलतच आले आहेत: पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनकडे वजिराला आजची लांब झेप मिळाली, त्याआधी तो तिरपे एक घर चाले. आणि समान नियमांचे उपकार मोठे आहेत. १९७६ साली रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा विरोध झाला, आणि जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी स्त्रियांना रोखता येणार नाही असा निर्वाळा दिला. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. धुळ्याचा नियम एक, नागपूरचा दुसरा आणि बाटुमीचा तिसरा असता तर हे कसे घडले असते? स्पर्धेला एक नियम हवाच.

पण ओट्याला तो हवाच असे नाही. गच्चीवरच्या सहा जणांनी दोन पुस्तके समोर ठेवून आपला निर्णय घेतला, लिहून ठेवला, आणि उद्या वाटले तर तो बदलतील. आबांच्या खेळाच्या वाट्याला ते आले नाही. त्यांचा नियम कुणी वादात हरवला नाही. शाळेत शिकवला तो दुसरा, स्पर्धेत चालला तो दुसरा, मोबाइलमध्ये बसवला तो दुसरा, आणि मोबाइलशी तह करता येत नाही. तिथे राजाला अडीच घरे हलवू पाहिले तर तो जागचा हलत नाही. त्यात मला नुकसान दिसते. वीस बाजूंच्या फाशाच्या खेळाची जुनी आवृत्ती खेळणारे लोक जगभर आहेत, कारण जुनी पुस्तके छापलेली आहेत. आमच्या खेळाची जुनी आवृत्ती आबांच्या बोटांत आहे.

निघण्याच्या संध्याकाळी मी पुन्हा सामरवरणीला गेले. आजोबा-नातू खेळत होते. एक डाव आबांच्या नियमाने, एक नातवाच्या, असे ठरले होते. आबांच्या डावात नातू एक प्यादे हळूहळू पुढे रेटत होता आणि आबांचा एक घोडा मारायचे टाळत होता. प्यादेमात काही जमली नाही. आबांनीच त्याला वजिराने मात केली. मग नातवाने पटाच्या डब्याचे झाकण उलटे केले, आणि आबा सांगत गेले तसे बॉलपेनने आतल्या बाजूला लिहीत गेला. आठ नियम झाले. नववा काय होता ते आबांना आठवत होते, पण नीट नाही. घोड्याच्या रांगेत प्यादे घोडा झाले की त्याला लगेच एक चाल मिळते की नाही? गावी एक जण आहे, त्याला विचारतो म्हणाले.

या दिवाळीत माळ्यावरून पट, सोंगट्या, पत्ते खाली निघतील, तेव्हा घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला आधी खेळायला बसवा. ते जे नियम सांगतील ते डब्याच्या झाकणावर लिहा, आणि खाली त्यांचे नाव, गाव आणि साल घाला.